कागदावरचं वाक्य

नमस्कार श्रोतेहो. आज 'मॉकिंगजे'. सुझन कॉलिन्स यांच्या 'हंगर गेम्स' या मूळ कादंबरी-त्रयीचा तिसरा आणि शेवटचा भाग, २०१० साली आलेला. पोरांना रिंगणात सोडून एकमेकांना मारायला लावणारा तो खेळ तुमच्या घरातल्या मुलांना तोंडपाठ असेल, तो पुन्हा सांगत नाही. तिसऱ्या भागात खेळ संपलाय. आता युद्ध आहे, खेळ भरवणाऱ्या राजधानीविरुद्ध जिल्ह्यांचं बंड.

(वाचनालयात गेलात तर पहिला भाग मिळेल, तिसरा मिळेल, दुसरा कायम कुणाच्या तरी घरी असतो. दुसरे भाग परत न करणाऱ्यांवर वेगळा दंड हवा. असो.)

मला यातला एक प्रसंग फार आवडतो, कारण तो स्टुडिओत घडतो. बंडखोरांना प्रचाराच्या चित्रफिती करायच्या आहेत. सतरा वर्षांची कॅटनिस हा त्यांचा चेहरा. तिला नटवतात, दिवे लावतात आणि एक भारदस्त वाक्य पाठ करून म्हणायला लावतात. ती म्हणते. सगळीकडे चिडीचूप. मग स्पीकरवरून तिचा गुरू हेमिच खवचटपणे हसतो. क्रांतीचा जीव असाच जातो म्हणतो!

मग तो सगळ्यांना बसवतो आणि विचारतो, हिच्यामुळे तुमच्या पोटात खरंच कधी कालवलं? कुणी म्हणतं, खेळासाठी धाकट्या बहिणीऐवजी ती स्वतः पुढे झाली तेव्हा. कुणी म्हणतं, रिंगणातल्या तिच्या छोट्या सोबतिणीसाठी, मरणाऱ्या रूसाठी, ती गायली तेव्हा. या सगळ्यात समान काय? तेव्हा तिला काय बोलायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. पुन्हा सांगतो, कुणीही सांगितलं नव्हतं. आणि हेमिचचा हुकूम काय? हिचं तोंड धुवा. पोर आहे ती, तुम्ही तिची पस्तिशीची बाई केलीत.

तिला आठव्या जिल्ह्यात पाठवतात. जखमींनी भरलेल्या गोदामातल्या इस्पितळात ती जाते, आणि थोड्याच वेळात त्याच इस्पितळावर बॉम्ब पडतात. जळत्या इमारतीसमोर ती संतापून जे बोलते, ते कुणीही लिहून दिलेलं नसतं.

मी मात्र हे कागदावरूनच वाचतोय. हेमिच असता तर मलाही हसला असता.

लेखिकेचे वडील अमेरिकी हवाई दलात होते, व्हिएतनामला गेले होते. म्हणूनच की काय, या पुस्तकातला विजय गोड नाही. शेवटी मुलांच्या गर्दीवर पॅराशूट उतरतात, मुलं खाऊ समजून हात घालतात, स्फोट होतो. मदतीला माणसं धावतात, आणि मग दुसरा स्फोट. त्या धावणाऱ्यांत प्रिम असते. जिच्यासाठी सगळं सुरू झालं, ती धाकटी बहीण.

पुढे उद्ध्वस्त गावात कॅटनिस एकटी बसलेली असते. प्रिमचं ते कुरूप, चिडकं मांजर कितीतरी मैल चालत घरी येतं. ती त्याच्यावर उशी भिरकावते, ओरडते, ती नाहीये, ती येणार नाही. मांजर आक्रोश करू लागतं, मग तीही रडते. त्या रात्री ते तिच्याशेजारी, डोळे उघडे ठेवून, राखण करत बसतं.