वळ

(बाजाराचा गलबला. काचेची किणकिण. कॅमेरा फक्त हातांवर.)

"हात सैल सोड की गे, ताठ धरू नकोस."

पाटीवर बेळगावी, बोलण्यात बेळगाव. लग्नसराई आहे आणि बांगड्यांच्या दुकानात नवरीचा हिरवा चुडा भरणं चाललंय. कासारीण अंगठ्याचं मूळ तळव्यात दुमडते, चारी बोटं एकत्र आवळते आणि बांगडी फिरवत फिरवत सांध्यांवरून पुढे काढते.

जरा थांबून बघा. बांगडी जिथं अडली, तिथली कातडी पांढरीफटक पडली. सुटली, आणि दोन सेकंदांत लाली परत आली. पण बांगडीचा वळ? तो आहे तिथंच आहे.

लाली लगेच येते आणि वळ रेंगाळतो. आजची गोष्ट या दोघांमधल्या फरकाची.

(अंधार. तळहाताखाली मोबाइलची बॅटरी लागते.)

लाइट गेल्यावर हा खेळ आपण सगळ्यांनीच खेळलाय. बोटं निखाऱ्यासारखी लाल दिसतात. निळा-हिरवा उजेड रक्तातलं हिमोग्लोबिन गिळून टाकतं, लाल तेवढा पार होतो. पण हाडं दिसावीत अशी आशा असते, ती काही दिसत नाहीत. उजेड आरपार येतो, सरळ मात्र येत नाही. जत्रेतल्या पोरासारखा इकडे धडक, तिकडे धडक असा भटकत बाहेर पडतो. या भटकण्याला विकिरण म्हणतात.

भटकवतं कोण? कातडीतले कोलॅजन या प्रथिनाचे तंतू आणि त्यांच्या मधलं पाणी. उजेड किती वळतो याचं माप म्हणजे अपवर्तनांक. पाण्याचा १.३३, तंतूंचा १.४ च्या वर. एकातून दुसऱ्यात शिरताना उजेड दर वेळी थोडा वळतो, आणि असे उंबरठे कातडीत असंख्य.

(भज्यांचा कागद. तेलाचा डाग उजेडासमोर धरलेला.)

भज्यांचा कागद आठवा. कोरडा असताना पलीकडचं काही दिसत नाही, तेल लागलं की डागातून उजेड झिरपतो. कागदाच्या धाग्यांमध्ये आधी हवा होती. तिच्या जागी तेल आलं आणि तेलाचा अपवर्तनांक धाग्यांच्या जवळपासचा. उंबरठे जणू सपाट झाले.

दाबलेल्या कातडीत तेल कुणी ओतत नाही, तरी घडतं याच जातीचं काहीतरी. दाबाबरोबर आधी केशवाहिन्यांतलं रक्त बाजूला पळतं, ते क्षणात. मग तंतूंच्या मधलं पाणी हळूहळू सरकतं. तंतू जवळ येतात, मधे उरलेला द्रव दाट होतो, त्याच्या आणि तंतूंच्या अपवर्तनांकातला फरक घटतो. कातडी पातळही होते. गिळणारं रक्त कमी, भटकवणारे उंबरठे बोथट. उजेड जास्त खोल जातो.

दाब सुटला की रक्त धावत परततं, कारण मागून हृदय ढकलतंय. पाण्याला ढकलणारं असं कोणी नाही, ते सावकाश येतं. संध्याकाळी मोजा काढल्यावर पोटरीवर जी नक्षी उरते ना, ती त्याचीच.

(ऑक्सिमीटरचा लाल दिवा.)

२०२१ ची दुसरी लाट. खानापूर तालुक्यातलं आमचं घर. आज्जीच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा स्थिर होईना, म्हणून मी शहाण्यानं क्लिप वरून चिमटीत धरली. होता तोही आकडा गेला. आज्जी म्हणाली, "बोट सोड की रे, तुटंल."

आज्जीचं बरोबर होतं. हे यंत्र ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० चा अवरक्त उजेड बोटातून सोडतं, आणि त्यातला फक्त नाडीबरोबर धडधडणारा भाग हिशेबात धरतं. ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७४ ची. मी दाबून ती धडधडच बंद केली होती. प्रयोगशाळेतही कातडीवर प्रोब, म्हणजे उजेड मोजणारं टोक, टेकवताना हाच घोळ होतो: हात जरा जड पडला की आकडे बदलतात. म्हणून प्रोबच्या मागे दाब मोजणारा सेन्सर बसवतात.

त्वचारोगाचे डॉक्टर मात्र मुद्दाम दाबतात, पारदर्शक काचेनं. त्याला डायस्कोपी म्हणतात. लाल चट्टा काचेखाली विरला, तर रक्त वाहिन्यांच्या आत आहे. नाही विरला, तर ते वाहिनीबाहेर झिरपलंय, आणि बाहेर सांडलेलं रक्त दाबानं कुठं पळणार? एका काचेत एवढा निवाडा. घरी बघायचं तर पाण्याचा काचेचा पेला घट्ट धरा आणि आतून स्वतःच्या बोटांकडे बघा.

सावळ्या कातडीवर हे पांढरं पडणं चटकन दिसत नाही. कातडीला रंग देणारं मेलॅनिन वरच्या थरात, पेशींमध्ये बसलेलं असतं. दाबून ते हलत नाही. पाठ्यपुस्तकातल्या गोऱ्या हाताचा फोटो शेतात राबलेल्या हाताला लागू पडत नाही, तिथं नखाखाली किंवा तळव्यावर बघावं लागतं.

(पुन्हा दुकान. चुडा भरून झालाय.)

नवरी मनगट उजेडात फिरवून बघते. सांध्यांवरची लाली कधीच परतली. अंगठ्याच्या मुळाशी वळ अजून आहे. कासारीण त्यावर बोट फिरवते आणि दुसरा हात पुढे करायला सांगते.