खिडकी वाढवण्याआधी काच तपासा
(सोलापुरातल्या आर्किटेक्ट आणि इंजिनिअर मंडळींपुढे दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘दिवसाच्या उजेडाचं सिम्युलेशन आणि काचेची सेटिंग्ज’. मला दिलेल्या वेळातला बराचसा माझ्या परिचयात गेला. आता विषयाचं काय व्हायचं ते होईल.

एवढंच सांगायला आलोय: खोलीत किती उजेड येईल ते आधीच सांगणाऱ्या सॉफ्टवेअरनं खोली अंधारी दाखवली की आपण लगेच खिडकी मोठी करतो. काचेच्या सेटिंगची ओळ उघडून कुणी बघत नाही. ही खोड पुण्या-मुंबईत एक वेळ चालेल, सोलापुरात नाही. आपल्याकडे उजेडाची टंचाई कधी होती का हो? पाण्याची होती, आहे, राहील. माळवदाच्या घरात छताला वीतभर झरोका असायचा, त्यात चूल, जातं, धान्य निवडणं सगळं भागायचं. उजेडाबरोबर ऊन आत येतं हे त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती उजेड बेतानं घ्यायची. आपलं आयएस २४४० हे १९७५चं मानकही निरभ्र आकाश धरतं: सूर्य क्षितिजापासून १५ अंशांवर, बाहेर ८,००० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक). म्हणजे एक टक्का डेलाइट फॅक्टर, अर्थात बाहेरच्या उजेडाचा एक टक्का आत मिळाला की टेबलावर ८० लक्स. आणि आपली पोरं सॉफ्टवेअरनं आपणहून दिलेलं ढगाळ आकाश तसंच ठेवून मे महिन्यातल्या सोलापूरचा अहवाल देतात! असो, तो वेगळा राग आहे.

आता अभ्यासिकेची गोष्ट. तुमच्यातल्या काहींनी ऐकलीय, त्यांनी चहा घेतला तरी चालेल. विजापूर रोडच्या बाजूला एका संस्थेनं स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका बांधायला घेतली. रस्त्याचा आवाज नको म्हणून दुहेरी काच. डिझाइन करणारा तरुण हुशार, मेहनती. त्यानं मॉडेल केलं, उजेडाचा हिशोब करणाऱ्या ‘रेडियन्स’ या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं, आणि खोली निघाली अंधारी. मग पश्चिमेची खिडकी वाढवली. तरी भागेना. परत वाढवली. शेवटी सिलपासून स्लॅबपर्यंत काचच काच. संस्थेचे लोक खूश, चित्र झकास दिसत होतं.

मार्च उजाडला. दुपारी तीननंतर पश्चिमेच्या बाकांवर बसायला कुणी तयार होईना. मुलांनी आधी काचेवर वर्तमानपत्रं चिकटवली. त्यातले संपादकीय वाचून काहींचा सामान्य ज्ञानाचा पेपर बरा गेला म्हणतात. मग संस्थेनं पडदे लावायचं ठरवलं. सोलापुरात पडदा म्हणून काय लावणार? चादर! भौगोलिक मानांकन मिळालेली आपली चादर, जाड, मोरांची नक्षी, खिडकीभर. आत ट्यूबलाइट. भर दुपारी, सोलापुरात, ट्यूबलाइट.

मला बोलावलं ते ‘एसी किती टनांचा लागेल’ हे विचारायला. मी म्हटलं, आधी ती फाइल दाखवा.

फाइलीत काय होतं ते नीट ऐका, हेच आजचं व्याख्यान आहे. साध्या पारदर्शक काचेतून समोरून आलेला साधारण ८८ टक्के उजेड पलीकडे जातो. काचेच्या माहितीपत्रकावर व्हीएलटी म्हणून हाच आकडा असतो. उरलेल्यातला बराच भाग दोन्ही पृष्ठभागांवरून परततो, प्रत्येकी चारेक टक्के. रेडियन्सचं ‘ग्लास’ मटेरियल मात्र हा आकडा मागतच नाही. परावर्तन ते स्वतः हिशोबात धरतं, अपवर्तनांक १.५२ मानून. त्याला हवं असतं ते एवढंच, की काचेत शिरलेल्यापैकी किती उजेड न शोषला जाता पलीकडच्या पृष्ठभागापर्यंत पोचला. ८८ टक्क्यांच्या काचेसाठी तो आकडा येतो सुमारे ०.९६. आपल्या गड्यानं ०.८८ टाकलं. परावर्तन दोनदा वजा झालं, काच राहिली ८१ टक्क्यांची.

इथवर ठीक होतं, उन्नीस-बीस. पण त्यानं प्रत्येक काच ६ मिलिमीटर जाडीचा ठोकळा म्हणून काढली होती. रेडियन्सला ‘ग्लास’चा एक पृष्ठभाग म्हणजे पूर्ण काच. ठोकळ्याला पुढचा एक, मागचा एक. म्हणजे एका काचेच्या दोन झाल्या. दुहेरी काचेच्या चार. ०.८१ चार वेळा गुणा: ०.४३. खऱ्या खिडकीतून ७८ टक्क्यांच्या आसपास उजेड येणार, कागदावर येतोय ४३. त्या फरकापोटी भिंत गेली, आणि चादरी आल्या.

एक सांगून पुढे जातो. उत्तरेचा उजेड घ्या, ऊन येत नाही, असं आपण गिरण्यांच्या करवती छपरांकडे बोट दाखवून शिकलो. पण सोलापूर साडेसतरा अंशांच्या जरा वर. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. तेव्हा उत्तरेची काचसुद्धा...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, उरलेलं भरभर.

काच एकाच पातळ पृष्ठभागात काढा, दुहेरी असली तरी. व्हीएलटी पूर्ण युनिटची घ्या आणि सूत्रानं रूपांतर करून टाका. तुमचं सॉफ्टवेअर ते रूपांतर स्वतः करतं का, हे आधी बघा, नाहीतर दोनदा होईल. सूत्रात व्हीएलटी टाकताना टक्के नव्हे, अपूर्णांक: ८८ नाही, ०.८८. उन्हातली किती उष्णता काचेतून आत येते तो एसएचजीसी आकडा उजेडाच्या जागी टाकू नका. रंगीत काचेत तर फारच फसाल. खोली पूर्ण काळी दिसली तर काच सोडा, भिंतीला भोक पाडलंय का ते बघा. पुष्कळदा काच अखंड भिंतीवर चिकटवलेली असते. भोक असेल तर अ‍ॅम्बियंट बाउन्स, म्हणजे उजेड भिंतींवरून किती वेळा परततो असं धरायचं तो आकडा, शून्यावर नाही ना, हे बघा. आणि ठोस काचेसाठीचं ‘डायइलेक्ट्रिक’ मटेरियल खिडकीला लावू नका, त्यात पृष्ठभाग कुठल्या बाजूला तोंड करून आहे यावरही उत्तर बदलतं.

परीक्षा सोपी आहे. खोली एकदा काचेशिवाय चालवा, एकदा काच लावून. दोन आकड्यांचं गुणोत्तर व्हीएलटीपेक्षा थोडं खाली आलं पाहिजे, कारण तिरपा उजेड काचेतून कमी जातो. ते निम्म्यावर आलं तर ठोकळा शोधा.

मागून प्रश्न आलाय, पिनहेड (बारीक दाण्यांची खरबरीत) काच आणि कारखान्याच्या छपरावरच्या फायबर शीटचं काय? त्यांना ‘ग्लास’ चालत नाही. ‘ग्लास’ उजेड विखुरत नाही, फरशीवर उन्हाचा धारदार चौकोन दाखवेल, जो प्रत्यक्षात पडत नाही. उजेड विखुरणारं ‘ट्रान्स’ मटेरियल वापरा. शीटचा आकडा दुकानदाराकडे नसतो, तेव्हा लक्समीटर घेऊन छपरावर चढा, एकदा उघड्यावर मोजा, एकदा मीटरवर शीटचा तुकडा धरून. धूळ बसलेला तुकडाही मोजा, पण तो आकडा वेगळा लिहून ठेवा.