किरणं बाहेर की माल बाहेर?

मंडळी, प्रयोगशाळेच्या पार्सलवर किरणोत्सार सापडला म्हटलं की सगळे विचारतात, ‘केवढा?’ मी आधी दुसरंच विचारतो: नुसती किरणं बाहेर येताहेत, की माल बाहेर आलाय? या दोन भानगडी निराळ्या आहेत आणि बातम्यांत त्यांची हमखास गल्लत होते.

किरणोत्सारी मालाच्या पेटीतून थोडी किरणं बाहेर येणारच. म्हणून तर तिच्यावर तीन पाकळ्यांचं चिन्ह आणि पांढरं किंवा पिवळं लेबल असतं. ‘पिवळं-दोन’ असेल, तर पृष्ठभागावर तासाला ०.५ मिलिसिव्हर्टपर्यंत (हे किरणांच्या मात्रेचं माप) चालतं. पेटी उचलून नेली की विषय संपला, मागे काही राहत नाही. पण आतली बाटली ठिबकली, किंवा पॅकिंगवाल्यानं मळक्या हातमोज्यांनीच टेप मारली, तर द्रव्याचे कण बाहेरच्या पुठ्ठ्यावर बसतात. मग जोतिबाच्या यात्रेहून आलेल्या माणसासारखं होतं; तो टेकेल तिथं गुलाल राहतो. इथला गुलाल दिसत नाही एवढंच. हमालाचे हात, टेम्पोचा फाळका, आवक नोंदवायचं टेबल आणि शेवटी कुणाचा तरी जेवणाचा डबा.

हे ओळखायचं कसं? फिल्टर पेपरचा तुकडा घ्यायचा आणि पेटीवरची ३०० चौरस सेंटिमीटर जागा पुसायची, म्हणजे ए-फोर कागदाच्या निम्मी. मग तो तुकडा किरणं मोजणाऱ्या यंत्राखाली, म्हणजे काउंटरखाली धरायचा. अल्फा, बीटा, गॅमा हे किरणांचे प्रकार. वाहतुकीच्या नियमांत बीटा आणि गॅमा किरणं सोडणाऱ्या द्रव्यांना चौरस सेंटिमीटरमागे ४ बेकरेलची (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं) मर्यादा आहे, बहुतेक अल्फा द्रव्यांना ०.४ ची. पुसण्यात दहा टक्केच द्रव्य कागदावर येतं असं धरतात, म्हणजे ३०० चौरस सेंटिमीटरवरच्या १२०० बेकरेलपैकी १२०. तुमचा काउंटर शंभरातले वीस कण मोजत असेल, तर सेकंदाला २४ मोजणीलाच तुम्ही ४ बेकरेलवर पोचता. खोलीत एरवी होणारी मोजणी आधी वजा करायची, हे लोक विसरतात. आणि ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन असेल, तर साधा गायगर काउंटर ढिम्म राहतो. त्याचे बीटा कण इतके दुबळे असतात की नळीच्या खिडकीतून आतच शिरत नाहीत. तिथं लिक्विड सिंटिलेशन काउंटरच लागतो, ज्यात नमुना चमकणाऱ्या द्रवात घालून त्या चमका मोजतात.

कधी कधी मात्र आतल्या मालाचा काही दोष नसतो, खोकंच बाधित असतं. १९४५ मध्ये कोडॅक कंपनीच्या एक्स-रे फिल्मवर न वापरताच ठिपके पडू लागले. ज्युलियन वेब या त्यांच्या भौतिकशास्त्रज्ञानं शोध घेतला, तर दोष फिल्मभोवतीच्या गवती पुठ्ठ्यात निघाला. त्यात सेरियम-१४१ हे अणुस्फोटात तयार होणारं किरणोत्सारी द्रव्य होतं. पुठ्ठा इंडियानातल्या गिरणीचा, गिरणीला पाणी वॉबॅश नदीचं, आणि त्या पाण्यात न्यू मेक्सिकोतल्या १६ जुलैच्या अणुचाचणीची राख उतरली होती, दीड हजार किलोमीटरहून जास्त लांबून!  कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्रीवाल्यांना २००८ सालची गोष्ट जवळची वाटेल. फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० हे किरणोत्सारी द्रव्य सापडलं, पोलाद भारतातून गेलेलं. ते धातूतच मुरलेलं होतं, पुसून कागदावर येणाऱ्यातलं नव्हे. त्यामुळे स्क्रॅपची गाडी भट्टीकडे जाण्याआधीच मोजावी लागते.

चिठ्ठी आलीय: बाहेरून बाधित झालेलं खोकं हातात पडलं तर? बेसिनखाली धुवायला नेऊ नका. आहे तिथंच जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, हात धुवा, आपल्या विकिरण सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवा. पाठवणाऱ्याला आणि वाहतूकदाराला त्याच दिवशी कळवा, कारण गाडीही तपासायची असते. डीएनएच्या कामातलं फॉस्फरस-३२ असेल, तर आडोसा ॲक्रिलिकचा करा. शिशावर त्याचे बीटा कण आदळले की उलट एक्स-रे तयार होतात. त्याचं अर्धआयुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, १४.३ दिवसांचं, नियमाप्रमाणे पाचेक महिने कुलपात ठेवलं की हजारावा हिस्साही उरत नाही. मग पुन्हा मोजा, आणि पुठ्ठा रद्दीत घालण्याआधी त्यावरचं तीन पाकळ्यांचं चिन्ह काळ्या शाईनं पूर्ण खोडा. नाहीतर रद्दीवाला पोलिसांना फोन करतो, आणि त्यात त्याचं काहीच चुकत नाही.