तिसरा लेग

श्रोतेहो, नमस्कार.

चार बाय शंभर मीटरच्या रिलेत बॅटन घेणारी मागे बघत नाही. ती सुसाट सुटते, मागून हाक आली की हात मागे करते, आणि बॅटन तळव्यावर आदळतं. चार बाय चारशेत तसं करून चालत नाही. चारशे मीटर पळून आलेल्या पोरीचे पाय शेवटच्या पन्नास मीटरला लाकडाचे झालेले असतात. तिच्यात किती जीव उरलाय ते बघून तुम्हाला निघावं लागतं. म्हणून आम्ही मागे वळून, तिच्या तोंडाकडे बघत, डावा हात तिच्याकडे लांबवून बॅटन घेतो.

मी शेवटचा लेग, म्हणजे रिलेतला शेवटचा टप्पा, धावायचे. चार वर्षं एकाच मुलीच्या तोंडाकडे बघत मी बॅटन घेतलं. तिचं नाव मी सांगणार नाही. ती तिसरा लेग धावायची, म्हणून आज तिला तिसरी म्हणते. दुसऱ्या लेगला आमच्यातली सगळ्यात धाकटी होती, सतरा वर्षांची. तिला दुसरी म्हणू.

तिसरी उत्तेजक चाचणीत पॉझिटिव्ह आली आणि तिच्यावर दोन वर्षांची बंदी आली. आपल्या संघातली मुलगी अशी सापडली तर तिच्याशी इमान राखायचं म्हणजे काय करायचं, याविषयी मला आज बोलायचंय. बंदी आल्यावर आपली परीक्षा सुरू होते असं सगळे समजतात. मीही समजत होते. माझी परीक्षा त्याच्या चार महिने आधी, सराव शिबिरातल्या एका खोलीत होऊन गेली होती, आणि मी त्यात नापास झाले होते.

तिसरीची आई तिला घरचं मेतकूट द्यायची. पितळी झाकणाचा जुना डबा होता. शिबिरातल्या मऊ भातावर आम्ही सगळ्या ते घालून घ्यायचो. एका रात्री भूक लागली म्हणून मी अंधारातच तिची पेटी उघडली आणि डब्यात चमचा घातला. चमचा कशाला तरी लागला. बाहेर काढलं तर प्लास्टिकची पुडी, आत पांढऱ्या गोळ्या. वर नाव नाही, गाव नाही. पुडीला मेतकुटाचा वास येत होता. मी ती होती तशी आत ठेवली, वर मेतकूट सारखं केलं, झाकण लावलं. तिसरीचा श्वास झोपलेल्या माणसाचा नव्हता. मला ते कळलं. मी काही बोलले नाही, तीही बोलली नाही.

सकाळी तीनशे-तीनशे मीटरच्या सहा फेऱ्या होत्या. पाचव्या फेरीला आम्ही गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचो, ती सरळ उभी होती. त्या हंगामात तिने मला बॅटन दिलं तेव्हा आम्ही पहिल्यांदाच पुढे होतो. आणि श्रोतेहो, मला ते आवडलं. हे कबूल करायला मला खूप वर्षं लागली.

गप्प का बसले, तर चहाडखोर ठरायला नको म्हणून. शिबिरात चोर चालतो, चहाडखोर चालत नाही. घरातलं घरात ठेवावं, मैत्रिणीचं झाकावं, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं असतं. मी त्याला इमान म्हणत होते. त्याची किंमत कोण मोजणार, हा विचार मनात आलाच नाही.

ती किंमत दुसरीने मोजली. रिलेतल्या एकीचा निकाल रद्द झाला की चौघींचा रद्द होतो. पदक परत मागितलं गेलं, प्रमाणपत्र परत मागितलं गेलं. आपल्याकडे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, हे तुम्हाला ठाऊक असेल. ज्या घरात जमीन दीड एकर आणि विहीर कोरडी, त्या घरात ते प्रमाणपत्र कागदी नसतं, सोन्याचं असतं. दुसरीचे वडील ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी टॉवेलात गुंडाळून तालुक्याला घेऊन गेले आणि देऊन आले. गावात पोरीला विचारणारे होतेच, 'तूबी घेतीस का गं काय?' तिने आयुष्यात क्रोसिनसुद्धा डॉक्टरला विचारून घेतली होती.

हे फक्त आमच्या चौघींचं नाही. आपल्या देशाच्या चार बाय चारशेच्या गोष्टीत हेच पुन्हा पुन्हा दिसतं. 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मनजीत कौर, सिनी जोस, अश्विनी अक्कुंजी आणि मनदीप कौर यांनी सुवर्ण जिंकलं, तेव्हा स्टेडियममधल्या आवाजाने अंगावर काटा आला होता. त्याच वर्षी ग्वांगझूला आशियाई स्पर्धेतही याच चौघी जिंकल्या. पुढच्याच वर्षी, 2011 मध्ये, त्यांतल्या तिघी उत्तेजक चाचणीत सापडल्या. त्यांच्याबरोबर प्रियांका पनवार, जौना मुर्मू आणि टियाना मेरी थॉमस. एकूण सहा जणी. ठपका आला तो युक्रेनचे प्रशिक्षक युरी ओगोरोदनिक यांनी चीनहून आणलेल्या जिनसेंग नावाच्या औषधी मुळीवर. त्यांना काढून टाकलं गेलं. देशातल्या समितीने मुलींची चूक मोठी नाही म्हणत एक वर्षाची बंदी दिली. 2012 च्या जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ती दोन वर्षांची केली.

तेव्हा आम्ही सगळ्या धावपटू एकच वाक्य म्हणत होतो, 'पोरी बिचाऱ्या फसल्या.' फसल्या असतीलही. प्रशिक्षकाने हातावर ठेवलेली गोळी नाकारायची हिंमत शिबिरातल्या मुलीत कुठून येणार? ती हिंमत कुणी शिकवत नाही, उलट 'सर सांगतील तसं' हेच लहानपणापासून शिकवतात. पण नियम असा आहे की तुमच्या शरीरात जे सापडेल त्याला जबाबदार तुम्ही. डबा कुणी दिला, हा प्रश्न शिक्षा किती यापुरता. हा नियम मला पूर्वी निर्दय वाटायचा. आता वाटत नाही, कारण तो नसता तर प्रत्येक पुडी कुणा दुसऱ्याचीच निघाली असती.

बंदी संपवून यातल्या काहीजणी परत आल्या. 2014 च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत प्रियांका पनवार, टिंटू लुका, मनदीप कौर आणि एम. आर. पूवम्मा यांनी 3 मिनिटं 28.68 सेकंदात सुवर्ण जिंकलं. दोघी बंदी भोगून आलेल्या, दोघी तोवर कधी न सापडलेल्या. ती शर्यत बघताना मी रडले. मला वाटलं, बघा, माणूस परत येतो. दोन वर्षांनी, 2016 च्या ऑलिंपिकच्या तोंडावर, प्रियांका पुन्हा सापडली आणि तिच्यावर आठ वर्षांची बंदी आली. या वेळी मेफेंटरमाइन होतं. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाचा रक्तदाब खाली गेला तर वर आणण्यासाठी डॉक्टर देतात ते औषध. आपल्याकडच्या जिममधून त्याच्या बाटल्या पोलिसांनी धाडी घालून पकडल्यात, पेपरात येतं अधूनमधून. पुढे पूवम्मा 2021 च्या एका चाचणीत सापडली. तिला आधी तीन महिने आणि अपिलानंतर दोन वर्षं अशी बंदी झाली. म्हणजे इंचॉनच्या चौघींपैकी तिघींच्या वाट्याला कधी ना कधी बंदी आली. राहिली एकटी टिंटू लुका.

मग परत आलेल्यांना संघात घेतलं ते चुकलं का? मला विचाराल तर नाही. शिक्षा भोगून झाली की धावायचा हक्क परत मिळालाच पाहिजे, नाहीतर शिक्षा संपतच नाही. पण संघात परत घेणं म्हणजे काहीच झालं नाही असं वागणं नव्हे. काय घेतलं होतं, कुणी दिलं, कधीपासून, हे बरोबर धावणाऱ्या मुलींना विचारता आलं पाहिजे. आणि परत आलेलीने त्यांच्यासमोर ते सांगितलं पाहिजे. आपल्या शिबिरांत असं एखादं संभाषण झालेलं मी तरी पाहिलेलं नाही. सगळ्या एका ताटात जेवतात आणि त्या एका गोष्टीवर झाकण ठेवतात. पुन्हा तोच मेतकुटाचा डबा.

बाहेरच्या देशांतही हे दुखणं आहेच. सिडनी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या चार बाय चारशेच्या संघात मायकेल जॉन्सनबरोबर अँटोनियो पेटिग्र्यू धावला होता. 2008 मध्ये पेटिग्र्यूने कोर्टात शपथेवर सांगितलं की आपण उत्तेजकं घेत होतो. जॉन्सनने कुणी मागायच्या आधीच आपलं सुवर्णपदक परत करायचं जाहीर केलं. त्याचं मला फार मोठं वाटतं. पण त्याच गोष्टीचा दुसरा भागही मी विसरू शकत नाही. 2010 च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या 42 व्या वर्षी, पेटिग्र्यूने आत्महत्या केली. एखाद्याच्या मनात काय चाललं होतं ते बाहेरच्याने सांगू नये, म्हणून मी कारण लावत नाही. मी फक्त एवढं सांगते की ती बातमी वाचली त्या दिवशी मी तिसरीचा नंबर काढून बघितला, आणि तो अजून जपून ठेवलाय.

टोकियो ऑलिंपिकला तर चार बाय शंभरमध्ये ब्रिटनच्या पुरुषांचा संघ इटलीच्या मागे एक शतांश सेकंदाने राहिला आणि रौप्य जिंकला. पहिल्या लेगचा सीजे उजा पॉझिटिव्ह आला आणि 2022 च्या फेब्रुवारीत चौघांचं पदक गेलं. त्याने जाणूनबुजून घेतलं नव्हतं, भेसळीचं सप्लिमेंट होतं, हे तपासात मान्य झालं. तरी त्याच संघातल्या रिचर्ड किल्टीने आपला राग लपवला नाही, आणि मला ते योग्य वाटतं. ज्याचं पदक गेलंय त्याला रागवायची मुभा हवी. आपल्याकडे दुसरीला ती मुभा कुणी दिली नाही. 'झालं गेलं, आता मैत्रीण आहे ती तुझी' असं तिला आम्हीच सांगितलं.

आता माझ्या दुसऱ्या चुकीकडे येते. बंदीच्या काळात खेळाडूला संघाबरोबर, महासंघाच्या किंवा क्लबच्या मैदानावर सराव करता येत नाही. हल्लीच्या नियमात शेवटचे दोन महिने किंवा बंदीचा शेवटचा चौथा हिस्सा, यांतलं जे कमी असेल तेवढं आधी सरावाला परतता येतं. तिसरीच्या वेळी तेही नव्हतं. पण तिच्या घरी जाऊन चहा पिऊ नका, असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं. तो नियम आमचा आम्हीच केला. एसटी स्टँडवरचा तिच्या सत्काराचा फ्लेक्स कुणीतरी रात्रीत काढला. आम्ही संघाचा फोटो भिंतीवरून उतरवला. तिचा नंबर मी पुसला नाही, पण लावलाही नाही. पुडी दिसली तेव्हा तिच्यासाठी गप्प बसले, आणि ती पडली तेव्हा माझ्यासाठी गप्प बसले. दोन्ही वेळा मी स्वतःला शहाणी समजत होते.

आज मी मुलींना पळायला शिकवते. त्यांतल्या निम्म्या पोलीस भरतीसाठी येतात. भरतीच्या मैदानावर 'एक सुई घे, दम लागणार नाही' म्हणणारे असतात. त्या मुलींना मी उत्तेजकांची यादी पाठ करायला लावत नाही. त्या यादीत शेकडो नावं आहेत आणि दरवर्षी बदलतात. मी एक प्रसंग करून घेते. दोघी-दोघी समोरासमोर बसतात. एकीच्या हातात रिकामी पुडी. समोरचीने विचारायचं, 'हे काय आहे?' एवढंच. पहिल्या दिवशी ते तीन शब्द कुणाच्या तोंडातून बाहेर पडत नाहीत. हसतात, लाजतात, पुडीकडे न बघता बोलतात. मोठ्या मुलीला विचारायचं असेल तर आणखीच अवघड. पंधरा दिवस लागतात.

तिसरीकडे जाऊ या, असं शेवटी म्हणाली ती दुसरी. तिचा फोन आला, 'ताई, मी रविवारी निघालेय. तुम्ही येता का, नाहीतर मी एकटी जाते.' आम्ही गेलो. सोलापूरकडची एक वाडी, रस्ता संपतो तिथून पुढे अर्धा तास चालत. तिसरी गोठ्यात होती. आम्हाला बघून तिने हात पदराला पुसले आणि तशीच उभी राहिली. स्पाइकचे बूट दावणीशेजारच्या खुंटीला टांगलेले होते, खिळे गंजलेले.

चहा झाला. कुणी काही बोलेना. मग तिसरी माझ्याकडे बघून म्हणाली, 'त्या रात्री तू डबा उघडलास तेव्हा मी जागी होते.'

'माहीत आहे,' मी म्हटलं.

'सकाळी तरी विचारशील असं वाटलं होतं. विचारलं असतंस तर तुला सांगणार होते. रात्रभर तेच ठरवत पडले होते.'

मला काही बोलता आलं नाही. दुसरी इतका वेळ खाली मान घालून बसली होती. तिने कप बाजूला ठेवला आणि सरळ तिसरीच्या तोंडाकडे बघितलं. म्हणाली, 'मग आता सांग. माझी नोकरी गेलीय त्याच्यात. अगदी पहिल्या गोळीपासून सांग.'

तिसरीने सांगायला सुरुवात केली. म्हशीची धार काढायची वेळ झाली, तिची सासू दोनदा दारात येऊन गेली, तरी ती सांगत होती. अंधार पडला. दुसरीने तिला मध्ये एकदाही थांबवलं नाही.