कोयता आणि कलम 16

(दृश्य: भल्या पहाटेचं गाव. ट्रॅक्टरला जोडलेली ट्रॉली भरली जातेय.)

दसरा सरला की माणसं ऊसतोडीला निघतात आणि बीड जिल्ह्यातली गावं ओस पडायला लागतात. ट्रॉलीत काय काय चढतंय ते बघा: बाजरीचं पोतं, तवा, पाण्याचा ड्रम, चार कोंबड्या, पालासाठी ताडपत्री. शेवटी कोयते, गोणपाटात गुंडाळलेले.

तोडीसाठी मजूर ठरवणाऱ्या मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि उचलही, म्हणजे आगाऊ मिळणारे पैसेही, त्याच हिशेबानं. म्हणून हंगामाच्या तोंडावर पोरापोरींची लग्नं उरकली जातात. इकडे त्याला ‘गेटकेन’ लग्न म्हणतात. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, बीड आणि परभणीत 20 ते 24 वयाच्या शंभर बायकांमागे चाळीसहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं दिसलं.

कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: “आमच्यात असंच असतंय.”

मानवी हक्कांच्या विचारातला एक जुना वाद याच तीन शब्दांत आहे. हक्क सगळ्या माणसांना सारखे, की ज्या त्या समाजाच्या रीतीप्रमाणे?

(दृश्य: 1948चं पॅरिस, जुनी छायाचित्रं.)

1947 साली अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेनं संयुक्त राष्ट्रांना कळवलं की चांगलं-वाईट ठरवायची मापं ज्या त्या संस्कृतीतूनच येतात. एकाचं माप जगाला लावू नका. त्यांची भीती खरी होती. दुसऱ्यांना रानटी ठरवूनच साम्राज्यं उभी राहिली होती. याच संघटनेनं 1999 साली मात्र मानवी हक्कांच्या बाजूनं जाहीरनामा काढला.

1948च्या 16 सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेपुढे हैदराबादचा प्रश्न आला. दुसऱ्याच दिवशी निजाम शरण आला आणि मराठवाडा मोकळा झाला. त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते, तोच 10 डिसेंबरला, त्याच पॅरिसमध्ये, मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. 48 देश बाजूनं, विरोधात कुणी नाही, 8 तटस्थ. कलम 16 सांगतं: लग्न दोघांच्या मोकळ्या आणि पूर्ण संमतीनंच. सौदी अरेबिया तटस्थ राहिला, त्यामागे या कलमावरचा आक्षेपही होता.

हे सगळं गोऱ्यांनी आपल्यावर लादलं असं कुणी म्हणालं, तर मला हंसा मेहता आठवतात. पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणारे शब्द होते. तिथे ‘सर्व माणसं’ हे शब्द आले ते या भारतीय बाईंच्या आग्रहामुळे.

आणि ‘आमच्यात’ म्हणजे नेमकं कुणाच्यात? गंगाखेडची जनाबाई दासी होती, दळता-कांडता थेट विठ्ठलाशी भांडली. तीही आमच्यातलीच ना? गेटकेन लग्नाला तर परंपरा म्हणणंच चूक आहे. कारखान्याच्या गेटवर येणाऱ्या उसाचा शब्द लग्नाला चिकटलाय. ही रीत वाडवडिलांची नव्हे, उचलीच्या हिशेबातून आलेली आहे.

पण नुसत्या कायद्यानंही भागत नाही. 2006च्या कायद्यानंही बालविवाह गुन्हाच आहे, तरी झालेलं लग्न बहुतेक वेळा आपोआप रद्द होत नाही. मुलीलाच कोर्टात जावं लागतं. स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार 1993 साली आपण स्वीकारला, पण लग्नाच्या सक्तीच्या नोंदणीबद्दल सरकारनं लिहून दिलं: तत्त्व मान्य, मात्र इतक्या चालीरीतींच्या देशात ते व्यवहार्य नाही. इथे ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. त्यानं लग्न मोडलं, तरी आईचा प्रश्न उरतोच: “आम्ही सहा महिने फडात. वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवू?” या बाईला हक्क शिकवायच्या आधी गावात हंगामी वसतिगृह चालू पाहिजे, आणि तिथे मुलगी सुखरूप राहील याची खात्री पाहिजे.

(दृश्य: ट्रॉली निघून गेली आहे. ओट्यावर आजी बाजरी पाखडतेय. आत खुंटीला दप्तर.)

नात सातवीला आहे. यंदा ती आजीजवळ राहिलीय. आजीचं स्वतःचं लग्न झालं तेव्हा तिला वय मोजता येत नव्हतं. आम्ही विचारलं, “आजी, तुम्हाला कुणी विचारलं होतं का?”

सूप थांबतं.

“कोन इचारतंय? इचारलं असतं तर नगंच म्हनले असते मी.”

सूप पुन्हा हलू लागतं. आत नात पाढे म्हणतेय.