रिंगखालचा माणूस : योनास येरेब्को

(दृश्य : रिकामं कोर्ट, बुटांचा चरचर आवाज)

२००९ सालचा एनबीए ड्राफ्ट, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधली नव्या खेळाडूंची निवड. पहिल्या फेरीतली तीसही नावं पुकारून झाली, तरी योनास येरेब्कोचा पत्ता नाही. अखेर ३९ व्या क्रमांकावर डेट्रॉइट पिस्टन्सनं त्याला घेतलं. दुसऱ्या फेरीतल्या खेळाडूला करार मिळेलच, याची हमी नसते.

योनास पश्चिम स्वीडनमधल्या किन्नाचा. कापडउद्योगावर वाढलेला हा मुलूख. देश आइस हॉकी आणि फुटबॉलचा, पण याच्या घरात बास्केटबॉल होता. वडील अमेरिकेतून हा खेळ खेळायलाच स्वीडनला आले आणि तिथलेच झाले. मुलाला उलट्या दिशेनं जायचं होतं, तेही टप्प्याटप्प्यानं. आधी घराजवळचं बुरोस, मग पार उत्तरेचं लूलेओ, तिथं २००७ मध्ये स्वीडिश लीगचं विजेतेपद. पुढची दोन वर्षं इटलीतल्या बिएला इथं. गंमत म्हणजे तेही कापडाचंच गाव, लोकरीच्या गिरण्यांसाठी नावाजलेलं.

(दृश्य : डेट्रॉइट, रिंगखालची झुंबड)

डेट्रॉइटमध्ये पहिल्याच मोसमात तो ८० सामने खेळला. सरासरी ९.३ गुण, ६ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू). आकडे डोळे दिपवणारे नाहीत. त्याच्यासाठी खास डाव आखले जात नव्हते. दुसऱ्याचा नेम चुकला की परतणाऱ्या चेंडूवर झेपावायचं, धक्के खायचे आणि पुन्हा बचावाला धावायचं. नवोदितांच्या दुसऱ्या सर्वोत्तम संघात त्याची निवड झाली, ती या हमालीच्या जोरावर.

आणि ऑक्टोबर २०१० मध्ये, मोसमाआधीच्या सरावसामन्यात, टाचेमागचा अकिलीस स्नायुबंध तुटला. उडी मारणाऱ्या माणसाचं सगळं भांडवलच तिथं असतं. पुढचा अख्खा मोसम तो बाहेर बसला. परतल्यावर डेट्रॉइट, मग बोस्टन, मग युटा. बोस्टनकडून २०१७ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत, क्लीव्हलँडला त्यांच्याच कोर्टवर हरवलं, तेव्हा बाकावरून उठून आलेल्या योनासचे १० गुण होते.

(दृश्य : सॉल्ट लेक सिटी, १९ ऑक्टोबर २०१८)

त्या उन्हाळ्यात युटानं त्याला सोडून दिलं आणि गतविजेत्या गोल्डन स्टेटनं उचललं. मोसमाच्या दुसऱ्याच सामन्यात गाठ पडली युटाशीच. गोल्डन स्टेट एका गुणानं मागे. शेवटचा फटका अर्थातच केव्हिन ड्युरँटचा, आणि तो हुकला. रिंगवरून उसळलेल्या चेंडूला योनासनं हवेतच हात लावून आत ढकललं. घड्याळात उरले ०.३ सेकंद. गोल्डन स्टेट १२४, युटा १२३. याला सूड म्हणायचा मोह होतो. पण हेच काम तो रोज करत होता, फक्त त्या रात्री सगळ्यांचे डोळे तिथं होते.

त्या मोसमात संघ अंतिम फेरीत टोरांटोकडून हरला. एनबीएतला तो त्याचा शेवटचा मोसम. तिथून रशिया, मॉस्कोजवळचा खिमकी क्लब.

(दृश्य : मॉस्को, मार्च २०२२)

युक्रेनवर हल्ला होऊन महिनाभर झाला होता. परदेशी खेळाडू रशियन क्लब सोडून निघत होते. अशा वेळी योनासनं लष्कराशी जुनं नातं असलेल्या सीएसकेए मॉस्कोशी करार केला. कष्टाची कितीही कदर असली, तरी या निर्णयाचं समर्थन करणं अवघड आहे. स्वीडनच्या बास्केटबॉल महासंघानं तर वेळच लावला नाही : राष्ट्रीय संघाची दारं त्याच्यासाठी बंद.