पाकट पाण्यातच सोडवावं

गळाला मोठं पाकट (स्टिंग रे, शेपटीवर काटा असलेला चपटा मासा) लागलंय, हे त्याच्या बसकणीवरून ओळखू येतं. आधी जड, संथ ओढ लागते, मग सगळं एकदम थांबतं आणि वाटतं, गळ खडकात अडकला. खरं तर पाकट तळाला चिकटून बसलेलं असतं. ओल्या फरशीवर उपडी पडलेली थाळी सरळ वर उचलायला गेलं की जे होतं, तेच इथे होतं. अशा वेळी रॉड वर खेचून उपयोग नाही. तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) तुटतो नाहीतर गळ तोंड फाडून निसटतो. ताण तसाच ठेवून दहा-पंधरा पावलं बाजूला सरका. ओढीचा कोन बदलला की पंखाच्या एका कडेखाली पाणी शिरतं आणि पाकट उठतं.

आज बोलायचंय ते त्यानंतरच्या पाच मिनिटांबद्दल, म्हणजे पाकट गळातून सोडवून जिवंत परत सोडण्याबद्दल. पण त्या पाच मिनिटांत काय होणार, हे निम्मंअधिक गळ पाण्यात टाकण्यापूर्वीच ठरलेलं असतं. हलक्या रॉडवर मोठं पाकट तासभर खेळवणं म्हणजे कसब, असं मानणारे लोक आहेत. मला ते मुळीच पटत नाही. झुंज लांबते तसं स्नायूंत आणि रक्तात आम्ल साचत जातं. असं दमलेलं पाकट सोडल्यावर पोहत गेलेलं दिसतं आणि काही तासांनी तळाशी मरतं. आपण समाधानाने घरी गेलेलो असतो, एवढंच. त्यामुळे मोठं पाकट लागण्याची शक्यता असेल तिथे सामान जडच हवं. लीडर, म्हणजे गळाजवळचा दोरीचा शेवटचा तुकडा, चाळीस ते सत्तर किलो ताण सोसणारा, जाड नायलॉनचा. गळ सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला, साध्या पोलादाचा, त्याचा उलटा दात पकडीने दाबून सपाट केलेला. सर्कल हुकवर झटका मारायचा नसतो. ओढ जाणवली की फक्त रीळ गुंडाळत ताण वाढवायचा, गळ आपोआप तोंडाच्या कोपऱ्यात बसतो. झटक्याची सवय हाताला इतकी लागलेली असते की ती मोडायलाच वेळ जातो.

आता पाकटाचं शरीर बघू. त्याच्या अंगात हाड नाही, सगळा सांगाडा कुर्चेचा. आणि फासळ्या नाहीत. पाण्यात त्याचं वजन पाणीच पेलतं. बाहेर काढलं की तेच वजन त्याच्या आतल्या अवयवांवर येतं. शेपटीला धरून उचललं तर मणके निखळतात. कल्ल्यांच्या फटी अंगाखाली असतात, दोन्ही बाजूंना पाच-पाच, त्यामुळे तापलेल्या वाळूवर ओढत नेलं की त्या घासल्या जातात आणि त्यांत वाळू भरते. डोळ्यांमागे दोन भोकं दिसतात ना, त्यांत बोटं घालून उचलण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. पकड छान बसते, म्हणून ती टिकून आहे. पण ती भोकं म्हणजे त्याची श्वास घ्यायची वाट. तळाशी बसलेलं पाकट तिथूनच पाणी आत घेतं आणि खालच्या कल्ल्यांतून सोडतं. ती ताणली, आतला पडदा फाटला, की त्याचा श्वासच बिघडतो. आकडी (मासा टोचून उचलायचा आकडा) लावणं तर सोडूनच द्या.

म्हणजे पाकट आपल्याकडे आणायचं नाही, आपले हात त्याच्यापर्यंत न्यायचे. ते फार मोठं असतं तेव्हाही. 2022 च्या जूनमध्ये कंबोडियात मेकाँग नदीत सापडलेलं पाकट 300 किलोचं आणि जवळपास चार मीटर लांब होतं. त्यालासुद्धा टॅग लावून जिवंत सोडलं.

शेपटीची भीती सगळ्यांना असते, माहिती मात्र थोड्यांना. काटा शेपटीच्या टोकाला नसतो. तो बुडाकडच्या भागात, वरच्या बाजूला, शेपटीला लागून पडलेला असतो. कधी एक, कधी दोन किंवा तीन. दोन्ही कडांना करवतीसारखे दाते, दात्यांची तोंडं बुडाकडे वळलेली. म्हणून काटा आत जाताना सहज जातो आणि निघताना मांस फाडत निघतो. खालच्या अंगाला दोन खाचा असतात, त्यांत विषाची पेशी आणि वरून पातळ कातडीचं आवरण. पाकट शेपूट नुसती आडवी मारत नाही, विंचवासारखी पाठीवरून पुढेही आणतं. त्यामुळे डोक्याच्या बाजूला उभं राहणारा पूर्ण सुरक्षित नसतो, फक्त जास्त सुरक्षित असतो. हातमोजे आणि रबरी बूट यांच्यातून काटा आरपार जातो. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियात स्टीव्ह आयर्विन यांचा मृत्यू छातीत काटा घुसून झाला. तेव्हा वाकताना छाती आणि पोट शेपटीच्या टप्प्याबाहेर ठेवा. लांजासारख्या काही जातींना काटा नसतो, पण ओळख पक्की नसेल तर काटा आहे असंच धरून चालावं.

कामाला तीन माणसं हवीत: एक रॉडवर, एक शेपटीवर, एक गळावर. काठावर असाल तर गुडघाभर पाण्यातच थांबायचं. पाण्यात शिरताना पाय उचलून टाकू नका, तळाला घासत चाला; वाळूत दुसरं पाकट बसलेलं असेल तर ते धक्का लागून सरकतं, पायाखाली येत नाही. लाट पाकटाला किनाऱ्याकडे ढकलते, म्हणून पाकट आणि किनारा यांच्यामध्ये कुणीही उभं राहायचं नाही.

शेपटीवरच्या माणसाने बाजूने येऊन जाड टॉवेल, भिजवलेला, काट्याच्या भागावर टाकायचा आणि दोन-तीन वेढे द्यायचे. कोरडं कापड अंगावरचा बुळबुळीत थर पुसून नेतं, म्हणून भिजवायचं. इथे नेहमी होणारी चूक अशी, की कापड शेपटीवरून सरकवत नेतात. टोकाकडून सरकवलं तर काट्याची अणी कापडात घुसते आणि काटा उभा राहतो. बुडाकडून सरकवलं तर दाते अडकतात. कापड जागच्या जागीच गुंडाळायचं. मग एक हात बुडाशी, दुसरा काट्याच्या पलीकडे. शेपूट नुसती स्थिर धरायची, ओढायची नाही. काटा तोडायचा नाही, शेपूट तर नाहीच नाही.

गळावरच्या माणसाने थोबाडाची पुढची कड हळूच वर करायची, तोंड दिसेल इतकीच. जबडे शिंपले फोडणारे असतात, बोट आत घालू नका. लांब दांड्याच्या पकडीने गळाचा बाक धरायचा आणि गळ ज्या वाटेने गेला त्याच वाटेने फिरवत मागे काढायचा. दोन प्रयत्नांत निघाला नाही, किंवा गळ घशात गेलेला दिसतोय, तर खटपट थांबवा आणि कटरने लीडर तोंडालगत कापा. वीतभरही दोरी मागे राहू नये. साध्या पोलादाचा गळ म्हटलं ते यासाठीच, तो गंजून जातो. स्टेनलेसचा तसाच राहतो. होडीवर असाल तर पाकट वर घेऊच नका, होडीला लागून पाण्यातच सोडवा. मोठ्या लाटा असतील तर सरळ लीडर कापावा.

मापाचं म्हणाल, तर टांगून वजन करायचं नाही. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फीत धरली की पुरे.

मादी असेल तर पोटातली पिल्लं ताणामुळे अवेळी बाहेर पडू शकतात. तसं दिसलं की सगळं सोडून आधी तिला मोकळं करा. पूर्ण वाढ झालेली पिल्लं लगेच पाण्यात जाऊ द्या, आणि त्यांनाही काटा असतो हे विसरू नका.

सोडताना तोंड खोल पाण्याकडे. माशाला पुढेमागे हलवतात तसं इथे करायचं नाही. मागे ओढलं की कल्ल्यांत पाणी उलटं घुसतं. डोळ्यांमागची भोकं एका लयीत उघडमीट करू लागली की टॉवेल सोडून दोघांनीही बाजूंनी मागे व्हायचं, शेपटीमागून नव्हे.

आणि काटा लागलाच तर? रक्त वाहत असेल तर आधी दाबून थांबवा. जखम हातापायाची असेल तर तो भाग साधारण 45 अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. विष प्रथिनांचं असतं, उष्णतेने निकामी होतं. पाणी किती गरम आहे हे शाबूत हाताने बघा, दुखऱ्या हाताला अंदाज येत नाही आणि वरून पोळतं. छाती, पोट किंवा मानेत काटा रुतला असेल तर तो उपसायचा नाही, हलणार नाही असा धरून थेट रुग्णालय गाठायचं. छोटी जखमसुद्धा डॉक्टरांना दाखवा. काट्याचा तुकडा आत राहू शकतो, म्हणून एक्स-रे काढतात आणि धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं.